बेड चौदाची पानथरी

शनिवारी सकाळी साडेआठले मी वॉर्डात पोहोचलो तेव्हा बेड चौदावरची भागीरथाबाई एका फायनल इयरच्या पोराले पोट तपासणं शिकवून राहिली होती.

"तिकडून नाही बाबू. उजवीकडून सुरू कर, खालतून. मंग मी श्वास घेतो, तू हात वर सरकव. हां. लागली का खाच?"

पोरगा म्हणे, "लागली आजी."

"खोटं नको बोलू. तिथं नाही खाच. अजून खाली आहे."

बाजूच्या बेडवरच्या बाया हसल्या. पोरगा पण हसला. मले नाही हसू आलं. बाई साठीच्या वर आहे. पोट उघडं. जानेवारीची सकाळ, खिडकीची एक काच फुटलेली, तिथं एक्स-रेची फिल्म चिकटवलेली. अन् हा पोरगा त्या सकाळचा सातवा होता. दोघं अजून रांगेत उभे होते, हात खिशात घालून.

मी थर्ड इयरले आहे. मेडिसिनच्या वॉर्डात आमची सहा आठवड्यांची पोस्टिंग, तो शेवटचा आठवडा. हॉस्पिटलचं नाव नाही लिहीत. नागपूरचं आहे, सरकारी आहे, एवढं पुरे.

पानथरी म्हणजे डाव्या बरगडीखाली लपलेला अवयव, तिच्या कडेले एक खाच असते, त्यावरून ती ओळखायची. धडधाकट माणसात ती हाताले लागतच नाही. भागीरथाबाईची बेंबीपर्यंत आली होती. रक्तात पांढऱ्या पेशी भलत्याच वाढल्या होत्या, त्यानं. बारा दिवसांआधी ताप अन् अशक्तपणा घेऊन आली. रिपोर्ट आले, आजार कळला, गोळी सुरू झाली, ताप गेला. हा आजार गोळीवर वर्षानुवर्षं दबून राहते. गोळी घरी घ्यायची, महिन्यातून एकदा ओपीडीत दाखवायचं. बुधवारी आमच्या युनिटच्या मोठ्या मॅडमनं फाइलवर स्वतःच्या हातानं लिहिलं, पेशंट बरी आहे, उद्या डिस्चार्ज. अन् त्या दुसऱ्या कॉलेजात परीक्षा घ्यायले निघून गेल्या.

गुरुवारी डिस्चार्ज झाला नाही. शुक्रवारी नाही. फाइलवर दोन्ही दिवस एकच ओळ, 'तेच औषध सुरू ठेवा.'

का, तर सोमवारपासून फायनल इयरची प्रॅक्टिकल परीक्षा. परीक्षेले पेशंट लागतात, त्याले आम्ही 'केस' म्हणतो. बाहेरगावचे परीक्षक येतात, पोरगा केस तपासते, अन् काय सापडलं ते सांगते. चांगली केस म्हणजे जिच्या अंगात काहीतरी मोठं, स्पष्ट, हाताले लागणारं आहे. अशी केस परीक्षेच्या आठ दिवस आधी सापडली की तिले सुट्टी देत नाहीत. हे कुठं लिहिलेलं नाही. सगळ्यायले माहीत आहे. सिस्टरले, वॉर्डबॉय मामाले, आम्हाले. फक्त पेशंटले माहीत नसते. त्याले वाटते, आपण अजून बरे नाही झालो.

अन् भागीरथाबाईले केस मी बनवलं.

खरं सांगतो. पहिल्या दिवशी ती माह्याच वाट्याले आली होती. मी कोचिंगवाला पोरगा नाही. सीताबर्डीवरून जुनी पुस्तकं आणून, दोन वेळा नापास होऊन, तिसऱ्यांदा ॲडमिशन भेटली. बाबा गांधीबागेत कापडाच्या दुकानात ठाण उलगडतात. तपासणं पण मी व्हिडिओ पाहून शिकलो, लहान भावाच्या पोटावर. तं ज्या दिवशी माह्या बोटायले खरीखुरी पानथरी लागली, तिची खाच लागली, त्या दिवशी मी बॅचच्या ग्रुपवर टाकलं, 'बेड १४, पानथरी बेंबीपर्यंत, खाच एकदम क्लिअर, लवकर जाऊन पाहा.' खाली अंगठेच अंगठे. एक सीनियर म्हणे, 'भारी बे अश्विन.' मी दिवसभर खुश. संध्याकाळी तो मेसेज फायनल इयरच्या ग्रुपवर होता. दुसऱ्या दिवशी देशकर सरजवळ.

मोठ्या मॅडम नसल्या की युनिट देशकर सरचं. परीक्षेची तयारीही त्यायच्याकडेच.

शनिवारी नऊ वाजता भागीरथाबाईची पोरगी माया डबा घेऊन आली. तिशीची असन. कन्हानवरून रोज येणं-जाणं करून राहिली होती. आली, अन् रांगेतल्या दोघायले पाहून म्हणाली, "दर्शन बंद झालं. प्रसाद बाहेर भेटते."

दोघं निघून गेले. मायानं आईच्या पोटावर पदर नीट केला, वरून चादर घातली.

"काय वं आई, तू काहून हो म्हणतं सगळ्यायले?"

"पोरं आहे वं. शिकून राहिले."

"काल एकेचाळीस झाले. मी मोजले. सकाळपासून रात्रीलोक. तुह्या डाव्या कुशीवर डाग पडला, पाह्य. हिरवा-निळा."

मी जवळच होतो, दुसऱ्या पेशंटचा बीपी घेऊन राहिलो होतो. मायानं माह्याकडे मान वळवली.

"सर, तुम्ही तरी सांगा. आईले कधी सोडते? बुधवारी मोठ्या मॅडम माह्यासमोर म्हणाल्या, उद्या जा. आज शनिवार आहे."

मी म्हटलं, "विचारून सांगतो ताई."

"उद्या बाबाचं पुण्यानुमोदन आहे. वर्ष झालं त्यायले जाऊन. भंतेजीले दहाचा टाइम दिला. मोहल्ल्यातले दीडशे लोक येते. बाबा खदानीत होते, तिथले सगळे येते. अन् आई इथं पोट उघडं टाकून झोपली राहणार का?"

भागीरथाबाई म्हणाली, "हळू बोल ना वं."

"काहून हळू बोलू?"

"सिस्टरनं आयकलं तं रागावते."

माया एकदम खरंच हळू बोलली. ते मले जास्त लागलं. म्हणाली, "आम्ही म्हटलं, सही करून नेतो. आमच्या मर्जीनं. तं सिस्टर म्हणे, सही करून गेले तं फुकटची गोळी बंद. ती गोळी बाहेर घेतली तं आम्हाले झेपत नाही सर. म्हणून थांबलो. नाहीतर गुरुवारीच नेली असती."

भागीरथाबाई माह्याकडे पाहून हसली, जसं काही तिचीच चूक होती. म्हणाली, "फक्त उद्याच्या दिवसापुरतं सोडलं तरी चालन बाबू. परवा सकाळी मी स्वतः येतो. माह्या हातानं त्यायच्या फोटोले फुलं वाहायचे आहे, बस. पयलं वर्ष आहे."

साडेनऊले राउंड सुरू झाला. सर पुढं, मंग वैदेही मॅडम, मंग आम्ही पंचवीसेक पोरं. वैदेही मॅडम एमडीच्या दुसऱ्या वर्षाले आहेत, वॉर्डाचं सगळं काम त्यायच्याच अंगावर. दोन दिवसांपासून केस विंचरले नव्हते त्यायनं. सरच्या शर्टाची इस्त्री मात्र पाहण्यासारखी.

बेड चौदा आला. मॅडमनं वाचलं, "ताप नाही, खाणं-पिणं व्यवस्थित, गोळीचा नववा दिवस."

सर म्हणाले, "गुड. कंटिन्यू." अन् पुढं निघाले.

मी म्हटलं, "सर."

पियुष माह्या बाजूले होता. माह्या बॅचचा, माह्या रूमवर राहते. त्यानं माह्या ॲप्रनचं टोक ओढलं. हळूच म्हणे, "चूप बस बे. लॉगबुकवर सरची सही व्हायची आहे."

मी म्हटलं, "सर, यांचा डिस्चार्ज बुधवारी लिहिलेला आहे. यांच्या घरी उद्या कार्यक्रम आहे. एक दिवसाची सुट्टी देता आली तर—"

सर थांबले. चिडले नाहीत. त्यायचं तेच वाईट आहे, ते चिडत नाहीत.

"नाव काय तुझं?"

"अश्विन, सर."

"हां. तोच ना, ज्याने ही केस शोधली? छान केस शोधली होतीस. मी कौतुक केलं होतं तुझं वैदेहीजवळ." सगळ्यायनं माह्याकडे पाहिलं. "आता मला सांग, वॉर्डातून पेशंट सुट्टीवर जातो का? हे होस्टेल आहे का? गेलेला पेशंट परत येतो?"

"त्या येतो म्हणतात, सर."

"ठीक आहे. आपण त्यांनाच विचारू. आपण कोणाला जबरदस्ती करत नाही." सर पलंगाजवळ गेले, चादरीवर हात ठेवला, आवाज एकदम गोड. "काय आजी, कशा आहात? औषध लागू पडलं ना?"

भागीरथाबाई उठून बसायले लागली.

"पडून राहा, पडून राहा. आजी, ही सगळी मुलं उद्याचे डॉक्टर. तुमच्यामुळे शिकतात. बुधवारपर्यंत राहाल ना? तुमची काळजी पण घेता येते आम्हाला. परीक्षेच्या दिवशी नाश्ता, दूध, केळं, सगळं मिळेल."

पंचवीस पांढरे ॲप्रन पलंगाच्या भोवताल. माया पाणी आणायले गेली होती. बाईनं एकदा सरकडे पाहिलं, एकदा माह्याकडे. मी नजर खाली केली. काय करू, झाली खाली.

ती म्हणाली, "राह्यतो साहेब."

"बघा," सर आम्हाले म्हणाले, "याला म्हणतात संमती. पेशंटशी नीट बोललं की पेशंट ऐकतो. कम्युनिकेशन स्किल. लिहून घ्या."

काही जणायनं खरंच लिहून घेतलं.

राउंड झाल्यावर मी वैदेही मॅडमजवळ गेलो. त्या जिन्याजवळ उभ्यानं पोहे खाऊन राहिल्या होत्या. मी म्हटलं, मॅडम, मोठ्या मॅडमची ऑर्डर आहे, तुम्ही डिस्चार्ज कार्ड बनवू शकता.

"बनवू शकते. मग परवा सकाळी आठ वाजता परीक्षेच्या टेबलावर कोणाला झोपवू, तुला?"

"मॅडम, त्यायच्या नवऱ्याचं पुण्यानुमोदन आहे."

"मला माहीत आहे. काल त्या मुलीने सांगितलं मला." मॅडमनं चमचा खाली ठेवला. "तुला काय वाटतं, फक्त तुलाच कळतं? माझा थीसिस सरांकडे आहे. सही त्यांची लागते. मार्चमध्ये. आणि केस यादीत तूच टाकलीस, हे विसरू नकोस. ग्रुपवर मिरवताना विचार करायचा होता."

मॅडमचं खरं होतं ना.

पण एक गोष्ट डोक्यातून जाऊन नव्हती राहिली. गोळी. सही करून गेली तं गोळी बंद, हे कोणं ठरवलं? मी सिस्टरले विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "असंच असते." मी म्हटलं, कुठं लिहिलं आहे? त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं झाले मले इथं. तू कालचा आला."

गोळी जिथून भेटते तो काउंटर मागच्या बिल्डिंगमध्ये आहे, रक्ताच्या आजाराच्या ओपीडीत. मी क्लिनिकचा तास बुडवून तिथं गेलो. काउंटरवर रुपराव नावाचे एक कर्मचारी बसतात, रिटायर व्हायले आलेले, नाकावर चश्मा. समोर वीस-पंचवीस लोकायची लाइन. माह्या ॲप्रनकडे पाहून त्यायनं मले बाजूनं बोलावलं.

"काय गा डॉक्टर?"

मी सांगतलं. भागीरथाबाई गजभिये, कन्हान, वॉर्डात भरती आहे. स्वतःच्या मर्जीनं सही करून गेली तं गोळी बंद होते का?

त्यायनं रजिस्टर उलटंपालटं केलं, बोट फिरवलं. "हे पाह्य. नाव आहे. फॉर्म मंजूर आहे. पुढच्या महिन्याची बाटली पण आली तिची, कपाटात आहे."

"पण सही करून गेली तं?"

"कशीही जाओ गा. डिस्चार्ज घेऊन जाओ, सही करून जाओ, खिडकीतून उडी मारून जाओ. गोळी तिच्या नावाची आहे, वॉर्डाच्या नावाची नाही." मग चश्म्यावरून पाहत म्हणाले, "काहून, कोण म्हणे बंद होते?"

"वॉर्डात सगळेच म्हणतात."

"दरवर्षी परीक्षा आली की म्हणतात," रुपराव म्हणाले, अन् पुढच्या माणसाची चिठ्ठी घेतली.

मी वॉर्डाकडे निघालो. राग कसा असते पाहा, मले आधी सिस्टरचा आला, मग सरचा, मग मॅडमचा. मग मले असं वाटलं की कोणी खोटं बोललंच नसन. कोणी विचारलंच नाही आजपर्यंत. एकानं कधीतरी म्हटलं असन, बाकीचे म्हणत राहिले. तीनशे पावलांवर काउंटर आहे. तीनशे पावलं कोणी चाललं नाही, कारण न चालण्यात सगळ्यायचा फायदा होता. पंधरा मिनिटांआधीपर्यंत माहासुद्धा.

वॉर्डात परत आलो तं दीड वाजला होता. भागीरथाबाई जेवून बसली होती. माया खाली टाइल्सवर बसून डबा पुसून राहिली होती.

मी म्हटलं, "आजी, एक सांगायचं आहे. गोळीचं मी विचारून आलो. गोळी बंद होत नाही. तुम्ही कशाही गेल्या तरी भेटते. नाव रजिस्टरात आहे, पुढची बाटली पण आलेली आहे."

माया उठूनच उभी राहिली. "कोणं सांगतलं?"

"जो माणूस गोळ्या देते त्यानं. तुम्ही जाऊन विचारू शकता. मागची बिल्डिंग, रुपराव नाव आहे."

माया चप्पल घालून सरळ निघाली. मले विश्वास ठेवण्यासारखा माणूस नाही समजली, अन् बरोबरच केलं.

मी म्हटलं, "अन् आजी, अजून एक. तुमचा आजार म्हणून नाही थांबवलं तुम्हाले. परीक्षेसाठी थांबवलं. नाही म्हणायचा तुम्हाले हक्क आहे. हात लावू द्यायलेसुद्धा नाही म्हणता येते."

ती चादरीचं सूत ओढत राहिली.

"अन् ग्रुपवर तुमचं मीच टाकलं होतं. पहिल्या दिवशी. पाहा म्हणून."

"तू होता का तो?" ती म्हणाली. "लयच थंडे हात होते तुहे."

"हो."

"मले वाटलं काही भलतंच निघालं. तुह्या तोंडावर असा आनंद झाला होता, मी म्हटलं, पोरगा हसून राहिला म्हणजे बरं असन काही."

शिवी दिली असती तं बरं वाटलं असतं.

दोन वाजता देशकर सर फायनल इयरची बारा पोरं घेऊन आले. परीक्षेच्या आधीची शेवटची उजळणी. मी कोपऱ्यात फाइल घेऊन उभा. पियुषपण होता. माया तोपर्यंत परत आली होती अन् आईच्या उशाशी उभी होती, हाताची घडी घालून. तिनं काही सांगायची गरज नव्हती, रुपरावनं तिलेही तेच सांगतलं हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

सर म्हणाले, "हं, आजी. पोट उघडा."

भागीरथाबाईनं पदरावर हात ठेवला. "नाही साहेब."

सरले वाटलं ऐकू नाही आलं. "पोट उघडायचंय, आजी. तपासायचंय."

"नाही. आता नाही."

"दुखतंय का?"

"दुखत नाही. मले घरी जायाचं आहे."

"अहो, सकाळी तुम्हीच तर हो म्हणालात सगळ्यांसमोर."

"सकाळी तुम्ही इचारलं कुठं साहेब," ती म्हणाली. आवाज लहानच होता. "तुम्ही तं सांगतलं."

बारा पोरायमधला एकजण स्टेथोस्कोपची नळी बोटाले गुंडाळत राहिला. बाजूच्या बेडवरची बाई, जी सकाळी हसली होती, तोंडाले पदर लावून पाहत होती.

सर म्हणाले, "मग सही करून जा. तुमच्या जबाबदारीवर. नंतर काही झालं तर इकडे यायचं नाही. आणि गोळीचं—"

माया म्हणाली, "गोळीचं विचारून आलो आम्ही. अन् सही काहून करू? बुधवारचा डिस्चार्ज लिहिलेला आहे फाइलीत. त्याचं कार्ड द्या. नाहीतर बुधवारपासून कोणत्या आजारासाठी ठेवलं ते लिहून द्या. कागदावर. मले चालते."

सरनं मायाकडे नाही पाहिलं. सगळा वॉर्ड पाहून घेतला, हळूहळू, अन् माह्यावर थांबले.

"अश्विन. तू बोललास यांच्याशी?"

पियुष जमिनीकडे पाहत होता.

मी म्हटलं, "हो सर."

"काय म्हणालास?"

"गोळी बंद होत नाही, एवढं. अन् नाही म्हणता येते, एवढं."

"लॉगबुक आण."

बॅगेतून काढून दिलं. पाच आठवडे अन् पाच दिवसायच्या सह्या होत्या त्यात. सरनं खिशातून पेन काढला, शेवटच्या पानावर लिहिलं, वागणूक असमाधानकारक, पोस्टिंग पुन्हा करावी. तारीख टाकली, सही केली. अक्षर फार सुंदर आहे सरचं. मंग पोरायले म्हणाले, चला, समोरच्या पुरुष वॉर्डातलं बेड सहाचं लिव्हर पाहू. अन् गेले. बेड सहावर एक दारू सुटलेला माणूस झोपला होता. त्याले उठवलं. पोट उघडा, काका.

पोस्टिंग पुन्हा म्हणजे सहा आठवडे पुन्हा. उन्हाळ्याची सुट्टी गेली. पुढच्या परीक्षेची हजेरी त्यावर अवलंबून. जिन्यात पियुष मले म्हणे, "झालं समाधान? तुले काय भेटलं बे?"

मी म्हटलं, "तू सकाळी लिहून घेतलं ना, संमती म्हणजे काय?"

तो म्हणे, "सगळ्यायनं लिहिलं."

"तेच तं."

माह्याशी तो दोन दिवस बोलला नाही. मी पण नाही.

वैदेही मॅडमनं कार्ड लिहिलं. चारले लिहायले बसल्या अन् मध्ये दोन ॲडमिशन आल्या, तं पावणेपाच झाले. सिस्टरनं शिक्का मारताना माह्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कार्डावर मॅडमनं खाली आपला नंबर लिहिला, ताप आला तर फोन करा म्हणून. माया थँक्यू म्हणाली. मॅडम म्हणाल्या, "मला नको म्हणूस." मले कळलं नाही त्या चिडल्या होत्या की काय. मले अजूनही त्यायचा राग आहे, हे पण लिहून ठेवतो. दोन दिवसांआधी हेच कार्ड अर्ध्या तासात झालं असतं.

मी त्यायची पिशवी घेऊन खालपर्यंत गेलो. गेटजवळ मायाच्या ओळखीचा ऑटोवाला उभा होता. भागीरथाबाई हळूहळू चालत होती, एक हात डाव्या कुशीवर धरून. मध्येच थांबली, दम घेतला, अन् मले गोळीचं पुन्हा विचारलं. जेवून घ्यायची की उपाशी. जेवून, मी म्हटलं, अन् वरून पाणी भरपूर. उद्या कार्यक्रमाच्या गडबडीत विसरायची नाही.

"नाही विसरत."

ऑटोत बसली. माया बसली. पिशवी मध्ये ठेवली. मंग भागीरथाबाईनं डोकं बाहेर काढलं.

"बाबू, परवा त्या पोरायचं कसं होईन रे? नापास तं नाही करणार त्यायले, मी नाही म्हणून?"

माया म्हणाली, "आई, बस ना वं आता."

"तसं नाही वं. तो चश्मेवाला लेकरू रोज येत होता. त्याले अजून खाच लागतच नव्हती."

मले भलताच राग आला. तिच्यावर नाही. मले सरनं लॉगबुकात लिहिलं तेव्हा पण एवढा नव्हता आला. एकेचाळीस हातायचा डाग अंगावर घेऊन बाई निघाली होती, अन् तिले काळजी कोणाची, तं त्या हातायची. अन् वर वॉर्डात कोणी एकानंही तिले विचारलं नव्हतं की बाई, तुमच्या नवऱ्याचं नाव काय होतं.

मी पण नव्हतं विचारलं. बारा दिवसांत तिच्या आजाराची हिस्टरी मी चार वेळा लिहिली होती. त्यात नवऱ्यापुढे 'मृत' असं लिहिलं होतं, बस.

मी म्हटलं, "होते आजी त्यायचं. कॉलेजात रबराचा पुतळा आहे तपासायले. मोठा, माणसाएवढा. त्याच्यावर शिकतील."

"त्याले पानथरी असते का?"

"असते म्हणतात. मी पाहिला नाही. दोन वर्षं झाले आणून, त्या खोलीले कुलूप आहे."

"मंग उघडा ना ते," भागीरथाबाई म्हणाली, एकदम साधं, जसं कोणी म्हणते दार उघडं ठेव, हवा येऊ दे.

मी विचारलं, "आजी, बाबांचं नाव काय होतं?"

"मनोहर," ती म्हणाली. मंग पदर डोक्यावर घेतला. "मनोहर गजभिये. तिसऱ्या नंबरच्या खदानीत होते."

ऑटोवाल्यानं मागं पाहून विचारलं, "कामठीपर्यंत की सरळ कन्हान?"

माया म्हणाली, "सरळ कन्हान. घरापर्यंत."